घरच्या कपाटातील असंबद्ध पुस्तकांमधले धागे शोधावेत कसे आणि पारखावेत कसे?

प्रश्न : महालची वाचक

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी तीन पिढ्यांनी जमवलेल्या पुस्तकांची दोन कपाटे आहेत. त्यांत आजोबांची संतवाङ्मयाची आणि संस्कृतची पुस्तके आहेत, वडिलांनी सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेली प्रवासवर्णने आहेत, भावाची भूशास्त्राची पाठ्यपुस्तके आहेत आणि लोकसाहित्यावरची माझी पुस्तके आहेत. ही पुस्तके एकमेकांशी काही बोलत असतील असे मला कधी वाटले नव्हते.

अलीकडे वडिलांचे दक्षिण ध्रुवावरील मोहिमांचे पुस्तक वाचत होते. रॉबर्ट स्कॉट यांची तुकडी १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचली आणि परतताना बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्यालगत तिने दगड गोळा केले. पुढे उपासमारीने आणि थंडीने प्राण कंठाशी आले, तरी सुमारे १६ किलो वजनाचे ते दगड त्यांनी टाकून दिले नाहीत. नोव्हेंबरमध्ये शोधपथक तंबूपर्यंत पोहोचले, तेव्हा मृतदेहांसोबत ते दगडही मिळाले आणि त्यांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे होते. ती वनस्पती ग्लॉसोप्टेरिस. हे नाव कुठेतरी वाचल्यासारखे वाटले म्हणून भावाचे पुस्तक काढले, तर त्यात हीच पाने कामठीच्या वालुकाश्मात सापडतात असे स्पष्ट लिहिलेले. कामठी म्हणजे आमच्या नागपूरच्या महाल भागातून तासाभराच्या आतले गाव!

त्याच प्रकरणात पुढे असेही होते की भारत, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथील या वनस्पतीच्या जीवाश्मांवरून हे भूभाग पूर्वी जोडलेले असावेत असे अनुमान ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये मांडले आणि त्या प्राचीन भूमीला त्यांनी गोंडवनाचे नाव दिले. माझ्या कप्प्यात गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याच्या कथेवरचे पुस्तक आहे, ते इतकी वर्षे भावाच्या पुस्तकांच्या अगदी खालच्या फळीवर उभे आहे.

माझे विचारणे दुहेरी आहे. असे धागे दैवयोगाने हाती लागण्याची वाट न पाहता पद्धतशीरपणे शोधता येतात का, आणि सापडलेला धागा खरा आहे की केवळ आपल्या मनाने जुळवलेला आहे, हे कशावरून ठरवावे? अंटार्क्टिका आणि लिंगो यांना मी एका ओळीत बसवले, तर ती ओढाताण तर होत नाही ना, ही शंका मनातून जात नाही.

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, धरमपेठ

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पहिल्याची दिशा आपोआप स्पष्ट होते.

अंटार्क्टिकाचे दगड आणि लिंगो-कथा यांच्यात आपण आज धरलेला दुवा नावाचा आहे. गोंडांच्या प्रदेशावरून खडकांच्या एका समूहाला नाव मिळाले आणि त्या खडकांवरून एका लुप्त महाखंडाला. विज्ञानाच्या इतिहासातील हा खरा प्रवास आहे. परंतु एवढ्यावरून गोंडांच्या कथेबद्दल काहीच नवे कळत नाही. आपल्या कपाटात याहून भक्कम दुवा आहे आणि तो एका माणसाचा आहे.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपूरला आले. मोकळ्या वेळात ते आसपासचे खडक फोडून जीवाश्म गोळा करीत. त्यांनी नागपूर परिसरातून जमवलेल्या वनस्पतींच्या जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस होती. हेच हिस्लॉप गोंडांची भाषा आणि गाणीही टिपून ठेवत होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची आदिवासींविषयीची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांत लिंगोचे गाणे आहे. म्हणजे आपल्या भावाच्या पुस्तकातील जीवाश्म पान आणि आपल्या पुस्तकातील गाणे नागपुरात एकाच माणसाच्या हातांतून पुढे गेलेले आहे. इथे कोणालाही ओढून आणावे लागत नाही. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपण सगळेच ओळखतो, पण त्या नावामागचा हा दुहेरी उद्योग फार थोड्यांना ठाऊक असतो आणि याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

म्हणून माझी कसोटी अशी आहे की दोन पुस्तकांना जोडणारी तिसरी वस्तू हाताला लागली पाहिजे. ती व्यक्ती असेल, जागा असेल, पत्र असेल, एखादा माल असेल. मात्र ती दोन्ही पुस्तकांत पृष्ठक्रमांकासह दाखवता आली पाहिजे. ‘दोन्ही पुस्तकांत एकाकीपण आहे’ अशा जोडण्या वाचकाच्या मनःस्थितीबद्दल सांगतात, पुस्तकांबद्दल फारसे सांगत नाहीत.

आता शोधण्याविषयी. ग्रंथालयात पुस्तकाला एकच जागा मिळते. ड्यूई दशांश पद्धतीने आपले ध्रुवावरचे पुस्तक ९१९.८ जवळ जाईल, भारताचे भूशास्त्र ५५५.४ मध्ये आणि लोककथा ३९८.२ मध्ये, म्हणजे तिन्ही पुस्तके वेगवेगळ्या रांगांत. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण मांडले, त्यात विषयाचे पैलू सुटे करून दाखवण्याची सोय झाली. तरीही प्रत्यक्ष पुस्तक फळीवर एकाच ठिकाणी उभे राहणार, ही अडचण कोणत्याच पद्धतीने सुटत नाही. तिच्यावरचा उपाय नोंदींत आहे, कारण जागा एक असली तरी नोंदी हव्या तितक्या करता येतात.

याचे एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असे. शिकागो विद्यापीठाचे डॉन स्वॉन्सन हे मुळात भौतिकशास्त्राचे, पुढे ग्रंथालयशास्त्राकडे वळलेले. त्यांनी १९८६ मध्ये दोन स्वतंत्र वाङ्मये समोरासमोर ठेवली. एकात माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा आणि बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) एकत्र चिकटणे कमी होते असे लेख होते. दुसऱ्यात रेनॉडच्या विकाराचे वर्णन होते, ज्यात थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त दाट असल्याचे आढळते. दोन्हीकडचे संशोधक एकमेकांचे लेख वाचतही नव्हते आणि उल्लेखितही नव्हते. स्वॉन्सन यांनी केवळ वाचनाच्या बळावर हे तेल त्या विकारावर उपयोगी पडेल असे अनुमान काढले आणि पुढे रुग्णांवरील चाचणीतही तेलाचा लाभ दिसून आला. त्यांनाही मधली वस्तू मिळाली होती. ती म्हणजे रक्ताचा दाटपणा.

घरी हे करायचे तर प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी ठेवा आणि वाचताना भेटलेली व्यक्ती, गाव, वनस्पती, माल, आजार अशी ठोस नावे पृष्ठांकासह लिहीत चला. विषय लिहू नका. ‘निसर्ग’ किंवा ‘दुःख’ असे शब्द चिठ्ठीवर आले की सगळीच पुस्तके सगळ्यांना जोडली जातात आणि चिठ्ठी निरुपयोगी होते. आपल्या मराठी प्रकाशकांनी पुस्तकाच्या शेवटी नामसूची देण्याचा शिरस्ता पाळला असता, तर हे निम्मे काम वाचले असते. चारशे पानांच्या चरित्रग्रंथाला सूची नसणे ही वाचकाची उपेक्षा आहे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर : कापूसपट्टा

ग्रंथपालकाकांची कसोटी मला पटली, म्हणून माझ्या कपाटातील दोन धागे त्याच कसोटीवर घासून पाहतो. मी मूळचा हिंगणघाटचा, नोकरीनिमित्त नागपूरला स्थायिक झालो आहे.

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणावरचे एक पुस्तक माझ्याकडे आहे. हे काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केले आणि नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचे हिंगणघाटला निधन झाले. त्यांची कबर आमच्याच गावात आहे. दुसरे पुस्तक कापसाच्या व्यापाराचे आहे आणि त्यात हिंगणघाटच्या कापसाला, त्याच्या धाग्याच्या गुणामुळे, परदेशी बाजारात असलेली किंमत सांगितली आहे. गाव एकच आहे आणि दोन्हीकडे पृष्ठांकही दाखवता येतो. तरीसुद्धा मी हा धागा सोडून दिला, कारण लॅम्बटन यांचा कापसाशी काही संबंध नाही आणि कापसाला त्यांच्या मोजमापांनी काही फरक पडलेला नाही. दोन प्रवासी वेगवेगळ्या काळी एकाच धर्मशाळेत उतरून गेले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

याउलट दुसरा धागा पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो तिथेच गिरणी असावी असा विचार करून इथे गिरणी उभारली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, ती ‘एम्प्रेस’ या नावाने सुरू झाली. पुढे नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेज मार्ग झाला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला.

आता लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडा. रेव्हरंड टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली, कवितेवर आणि धर्मावर बोलणे झाले आणि त्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा मार्गच नसता, तर तो डबा नसता आणि ती भेट त्या रीतीने झाली नसती. माझ्याकडचा रेल्वेचा इतिहास आणि मराठीतील एक थोर आत्मचरित्र यांना जोडणारी वस्तू लोखंडाची आहे आणि तिच्या मागे कापसाच्या गाठी आहेत. म्हणून मी काकांच्या कसोटीत एक भर सुचवतो: मधली वस्तू काढून घेतली, तर दुसऱ्या पुस्तकातील घटना बदलते का, हेही विचारावे.

जाता जाता एक इशारा. साईबाबांच्या चरित्रात नागपूरचे बापूसाहेब बुटी येतात. त्यांनी शिर्डीला बांधलेल्या वाड्यातच बाबांची समाधी आहे. ‘स्मृतिचित्रां’तले बुटी अप्पासाहेब, शिर्डीचे बापूसाहेब. आडनाव आणि गाव जुळले की माणूसही तोच, असे समजून चिठ्ठीवर एकच नोंद करू नये. पूर्ण नाव लिहावे, तरच पुढे घोटाळा होणार नाही.

उत्तर : रामटेकवारी

कापूसपट्टाभाऊंची भर मोलाची आहे, पण ती सगळीकडे लावली तर काही चांगले धागे हातचे जातील, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. सगळेच दुवे कार्यकारणाचे नसतात. काही साक्षीचे असतात.

आमच्या घरी ‘मेघदूत’ आहे, ‘लीळाचरित्र’ आहे आणि वाकाटकांच्या कोरीव लेखांवरचा महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा ग्रंथ आहे. ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीच्या आश्रमांत राहतो. हा रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे मिराशींचे प्रतिपादन आहे. काही विद्वान तो छत्तीसगडातल्या रामगढला मानतात. मिराशींच्या पुराव्यांत प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट महत्त्वाचा आहे. ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचे आजचे नगरधन, आणि तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली आहे. त्या ताम्रपटातील दान रामगिरिस्वामींच्या पायांपाशी दिलेले आहे. म्हणजे पाचव्या शतकात राजघराण्यातील स्त्री जिथे दानासाठी जात असे, असे देवस्थान रामगिरीवर होते.

हा ताम्रपट सापडला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. तो वाचताना ‘लीळाचरित्र’ आठवल्याशिवाय राहत नाही, कारण म्हाइंभटांनी तो ग्रंथ तेराव्या शतकात रिद्धपुरातच सिद्ध केला. शिवाय चक्रधरस्वामींच्या चरित्रात गुजरातेतला राजपुत्र (हेच पुढचे चक्रधरस्वामी) रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून भडोचहून निघतो आणि वाटेत रिद्धपूरला त्याला गुरू गोविंदप्रभू भेटतात. ताम्रपट आणि चरित्र यांत आठशे वर्षांचे अंतर आहे. ताम्रपट नसता तरी ‘लीळाचरित्रा’तील एकही लीळा बदलली नसती. म्हणून हा धागा टाकून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. पाचव्या शतकात राणी जिथे दान करते, तिथल्याच यात्रेचे निमित्त तेराव्या शतकात गुजरातेत सांगितले जाते आणि घरच्यांना ते पटते. रामटेकच्या लक्ष्मण मंदिरात यादवराजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे आणि त्यात इथल्या तीर्थांची वर्णने आहेत, म्हणजे ‘लीळाचरित्रा’ला जवळजवळ समकालीन अशी तिसरी साक्ष दगडातच कोरलेली आहे. तिन्ही साक्षी एकमेकींना न ओळखता एकाच स्थळाची कीर्ती सांगतात, आणि मला तर यातच त्यांचे वजन दिसते. ताम्रपट आणि ग्रंथ यांचे गाव एक निघाले, हा मात्र निव्वळ योगायोग आहे आणि त्याला योगायोगच म्हणावे.

उत्तर : अक्षरओळख

मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. ग्रंथपालसरांच्या चिठ्ठ्यांना पर्याय म्हणून नव्हे, पूरक म्हणून लिहितो.

जुनी, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्कॅन करून त्यांतील मजकूर संगणकाला वाचता येतो. टेसरॅक्ट ही मुक्त आज्ञावली मराठी ओळखते, पण झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे आणि अनुस्वार यांच्या चुका होतात, त्यामुळे नावे एकदा डोळ्यांखालून घालावीच लागतात. खरी अडचण शोधताना येते. ‘नागपूर’ असे शोधले तर ‘नागपुरात’, ‘नागपुरास’, ‘नागपुरी’ यांतले काहीच सापडत नाही, कारण विभक्ती लागताच दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून ‘नागप’ एवढेच शोधावे. रिद्धपुराचेही तसेच, शिवाय ते जुन्या पुस्तकांत ऋद्धिपूर, रिधपूर अशा रूपांतही येते. ‘बुटी’ शोधाल तर ‘बुट्यांचा वाडा’ हातचा जाईल, ‘बुट’ शोधाल तर पायातले बुटही येतील. तरी दुसरे बरे, कारण नको ते गाळता येते, पण न सापडलेले कळतच नाही.

हल्ली अनेक जण पुस्तकांची नावे देऊन यंत्राकडूनच संबंध विचारून घेतात. त्यात धोका असा आहे की संबंध विचारला की ते काही ना काही संबंध देतेच, आणि तो बहुधा सरांनी वर्ज्य सांगितलेल्या ‘एकाकीपणा’च्या जातीचा असतो. यंत्राला मजकूर द्यावा आणि दोन्ही पुस्तकांत येणारी विशेषनामे पृष्ठांकांसह मागावीत. मग प्रत्येक पान उघडून स्वतः पाहावे. माझ्या अनुभवात यादीतला बराच भाग ‘मुंबई’, ‘काशी’, ‘गंगा’ अशा सर्वत्र आढळणाऱ्या नावांनी भरतो. ती आधी काढून टाकावीत. जे नाव कपाटातल्या दोन-तीनच पुस्तकांत आहे, तेच कामाचे.

महालची वाचक

आपणा सर्वांची मनापासून ऋणी आहे. हिस्लॉप यांचे नाव मिळाल्यावर भावाचे पुस्तक पुन्हा चाळले. ते नाव तिथे एका तळटीपेत होते आणि माझ्या लोकसाहित्याच्या पुस्तकात प्रस्तावनेत होते. दोन्ही मी वाचलेली पाने आहेत. विषय पाहत वाचल्यामुळे नावाकडे लक्ष गेले नसावे. रामटेकवारी यांनी साक्षीचा आणि कारणाचा दुवा असा भेद केला, तो चिठ्ठीवर वेगळ्या खुणांनी नोंदवणार आहे. ग्रंथपालकाका, चिठ्ठी पुस्तकातच ठेवावी की वहीत सर्व नावे एकत्र करावीत? आणि आजोबांच्या पुस्तकांची पाने फार ठिसूळ झाली आहेत, त्यांना त्रास होऊ नये असे वाटते.

निवृत्त ग्रंथपाल, धरमपेठ

दोन्ही करावे. चिठ्ठी पुस्तकात राहू द्या आणि पुस्तक वाचून झाले की तिच्यावरची नावे अकारविल्हे वहीत उतरवा; प्रत्येक अक्षराला काही पाने सोडून ठेवा, कारण ‘र’ आणि ‘स’ लवकर भरतात. वहीत एका नावापुढे दुसऱ्या पुस्तकाचा पृष्ठांक आला की तिथेच थांबून दोन्ही पुस्तके काढावीत, नंतरसाठी ठेवू नये. ठिसूळ पुस्तकांत वर्तमानपत्राचा कपटा मुळीच घालू नका. त्यातील आम्लामुळे लगतची पाने पिवळी पडतात. टाचणी किंवा क्लिपही नको, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ती गंजते. आम्लमुक्त कागदाची अरुंद पट्टी आणि मऊ पेन्सिल पुरे. ज्यांची पाने वळवताच तुटतात, त्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या आत न ठेवता एका लिफाफ्यात घालून पुस्तकाशेजारी उभ्या ठेवाव्यात आणि लिफाफ्यावर पुस्तकाचे नाव व आवृत्तीचे वर्ष लिहावे. आवृत्ती बदलली की पृष्ठांक बदलतात, म्हणून वर्ष लिहिण्याचा कंटाळा करू नये.